सराव संपला, अभिनंदन

"अभिनंदन आलंय रे!" आई फोनवर एवढ्याने ओरडली की पलीकडच्या टेबलावरच्या वायरवाल्याने मान वर केली. "सूनबाई पास झाली!"

पोस्टमास्तरने घड्याळाकडे पाहिलं. पेपर सुरू होऊन जेमतेम पाच मिनिटं झाली होती.

"आई, पेपर आत्ता सुरू झालाय."

"मग हुशारच आहे ती. मी आधीपासून म्हणतेय."

"पडद्यावर काय लिहिलंय ते जसंच्या तसं वाच."

"थांब. 'सराव परीक्षा संपली. आपले अभिनंदन. आता निश्चिंत राहा.' आणि खाली फुलं आहेत. पिवळी."

मागून बायकोचा आवाज आला. "आई, ह्यांना सांगा, हे कालचं पान आहे. आजचा पेपर उघडतच नाहीये."

"ती म्हणते, निश्चिंत राहता येत नाहीये," आईने निरोप दिला.

फोन आईच्या हातात होता, कारण परीक्षा घरूनच असली तरी त्या खोलीत फोन ठेवायचा नाही असा नियम होता. पेपर अजून उघडला नव्हता, कॅमेरा सुरू झाला नव्हता, कुणी बघत नव्हतं. तरी बायकोने फोन सासूकडे दिला होता आणि सासूला उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं. आई तिथून मान लांब करून पडदा वाचत होती.

पोस्टमास्तर कधीही पोस्टात नव्हता. तो विद्यापीठाच्या संगणक विभागात होता. विद्यापीठातला कुठल्या नावाचा संगणक कुठल्या आकड्यावर राहतो हे जगाला सांगत राहायचं, एवढंच त्याचं काम. माणसं नाव टाइप करतात, यंत्रांना फक्त आकडे कळतात, आणि मधे पोस्टमास्तर. नावं आणि आकडे ज्यात लिहायचे तिला झोन फाइल म्हणतात. इतकं कंटाळवाणं वाचन जगात दुसरं नसेल. पोस्टमास्तर ते सकाळच्या चहाबरोबर करायचा. सगळ्या नोकरीत त्याच्या फाइलीत एकही चूक सापडली नव्हती. हे तो उठसूट सांगत नसे. कुणी विचारलं नाही तरच सांगायचा.

बायको एका वकिलाकडे नोटिसा टाइप करायची. वर्षानुवर्षं लोकांना 'सात दिवसांच्या आत' असं धमकावल्यावर तिला वाटलं, एखादी धमकी आता स्वतःच्या सहीने द्यावी. म्हणून तिने घरबसल्या कायद्याची पदवी घ्यायला नाव घातलं. सगळे पेपर सुटले, हा एक अडकला. पहिल्यांदा तापाने, दुसऱ्यांदा तीन मार्कांनी. तिसरी संधी शेवटची. ती आज होती, आणि पहिल्या अर्ध्या तासात जो आत शिरला नाही तो गैरहजर धरला जाणार होता.

पोस्टमास्तर घाबरला नाही. फाइल तपासणारा एक प्रोग्राम असतो, त्याच्यापुढे त्याने फाइल टाकली. प्रोग्राम म्हणाला, ठीक. मग त्याने आपल्या सर्व्हरला विचारलं, परीक्षेचं यंत्र कुठे राहतं? सर्व्हरने बरोबर आकडा सांगितला.

"आमच्याकडून बरोबर आहे," तो फोनमध्ये म्हणाला. "तिला म्हणावं, मोडेम बंद करून चालू कर."

"तिने दोनदा केला. मग मी एकदा केला."

"तू कशाला?"

"मला वाटलं, घरातल्या मोठ्या माणसाने केलेला बरा."

तेवढ्यात परीक्षा विभागाच्या मॅडम आत आल्या. सगळे त्यांना परीक्षा मॅडम म्हणायचे. बाई शांत होत्या, पण दोन्ही हातांत दोन फोन होते आणि दोन्ही वाजत होते.

"पोस्टमास्तर, अर्धी मुलं पेपर लिहितायत आणि अर्ध्यांना अभिनंदन जातंय. एक जण विचारतोय, पदवी घरी पाठवणार की न्यायला यायचं?"

"आमच्याकडून बरोबर आहे, मॅडम."

"हे तुम्ही दारावर पाटी करून लावा. माझा येण्याचा त्रास वाचेल."

"सगळ्यांना मेसेज पाठवता येणार नाही का?"

"त्याला वरची मंजुरी लागते. मंजुरी देणारे बैठकीत आहेत. बैठक फोन बंद ठेवून चाललीय, कारण विषय आहे तातडीचा संपर्क."

वायरवाला एवढा वेळ पक्कड हातात धरून ऐकत होता. "दोन नंबरवाल्याला विचारलंस का?" तो म्हणाला.

दोन नंबरवाला म्हणजे दुसरा सर्व्हर. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कॉलेजात होता. पोस्टमास्तरचा सर्व्हर पडला तर नावं-आकडे सांगायला कुणीतरी हवं, म्हणून ही सोय. लोकांचे निम्मे प्रश्न एरवीही त्याच्याकडेच जायचे. त्याला स्वतःचं डोकं नव्हतं. तो पोस्टमास्तरच्या फाइलीची नक्कल करून ठेवायचा आणि विचारणाऱ्याला त्यातून वाचून दाखवायचा. नवी नक्कल कधी घ्यायची ते तो फाइलीच्या माथ्यावरच्या क्रमांकावरून ठरवायचा. क्रमांक आपल्याकडच्यापेक्षा मोठा असेल तर फाइल नवी. लहान असेल तर शिळी, तिच्याकडे ढुंकून बघायचं नाही. रिवाज असा, की क्रमांक म्हणून त्या दिवसाची तारीख लिहायची, साल आधी. तारीख रोज वाढतेच, त्यामुळे घोळ व्हायचं कारण नाही.

पोस्टमास्तरने दोन नंबरवाल्याला विचारलं. त्याने अत्यंत आत्मविश्वासाने सराव परीक्षेच्या यंत्राचा आकडा सांगितला. मग पोस्टमास्तरने क्रमांक विचारला. तो वाचून पोस्टमास्तर खुर्चीत सावकाश मागे टेकला.

दोन नंबरवाला दोन हजार बासष्ट सालात होता.

काल संध्याकाळी निघायच्या घाईत परीक्षेच्या नावापुढे सरावाची जागा लिहिताना पोस्टमास्तरच्या हातून सव्वीसचं बासष्ट झालं होतं. ते त्याच्या लगेच लक्षात आलं होतं. त्याने लगेच दुरुस्त केलं होतं, आणि आपल्यासारखी नजर विभागात दुसऱ्या कुणाची नाही या समाधानात तो घरी गेला होता. पण मधल्या त्या मिनिटभरात दोन नंबरवाल्याने नक्कल घेतली होती. आता आज सकाळी त्याच नावापुढे लिहिलेली खऱ्या परीक्षेची जागा त्याच्या लेखी छत्तीस वर्षं जुनी होती. पोस्टमास्तर त्याच्या दारात जुनी वर्तमानपत्रं घेऊन उभा राहिलेला कुणी म्हातारा होता.

साध्या माणसाच्या हातून असं झालंच नसतं. त्याला चूक दिसली नसती, तो बासष्टातच पुढे लिहीत राहिला असता आणि सगळं सुरळीत चाललं असतं. चूक दुरुस्त करून वाट लावायला पोस्टमास्तरच लागतो.

"काय झालं?" परीक्षा मॅडमनी विचारलं.

"आमच्याकडून चुकलंय," पोस्टमास्तर म्हणाला. वायरवाल्याने पक्कड खाली ठेवली.

सरळ उपाय हा, की पलीकडच्या कॉलेजातल्या माणसाने ती नक्कल पुसून टाकायची. त्या माणसाला सगळे आप्पा म्हणत. पोस्टमास्तरने फोन लावला. एका अनोळखी बाईंनी उचलला.

"ते बोलू शकत नाहीत. डॉक्टरांचे हात त्यांच्या तोंडात आहेत. हो-नाहीत विचारा, ते मान हलवतील."

"त्यांना विचारा, आमची नक्कल तुमच्याकडून पुसता येईल का?"

"हो म्हणतायत."

"लगेच?"

"डॉक्टर नाही म्हणतायत."

पोस्टमास्तरने फोन ठेवला. ठेवल्या ठेवल्या तो पुन्हा वाजला. आई होती. तिचा आवाज आता बारीक झाला होता.

"अरे, ती नुसती पडद्याकडे बघत बसलीय. निम्मा वेळ गेला आत शिरायचा. तिच्यापुरतं तरी काही कर. नाहीतर एवढा आत बसलास तो कशाला?"

तिच्यापुरतं करणं सोपं होतं. खऱ्या यंत्राचा आकडा त्याला तोंडपाठ होता. नाव बाजूला ठेवून तिने सरळ आकडा टाइप केला की ती आत. दहा सेकंदांचं काम. पोस्टमास्तरने परीक्षा मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीशी कुणाच्या तरी वडिलांची समजूत घालत होत्या.

"आई, मी सांगतो ते आकडे तिला सांग. एक, नऊ—"

"एक, नऊ," आई मोठ्याने म्हणाली.

"कसले आकडे?" मागून आवाज आला. आईने सांगितलं.

"बाकीच्यांना दिलेत का?"

"ती विचारतेय, बाकीच्यांना—"

"ऐकलं मी. नाही दिलेत."

"नाही म्हणतोय," आईने पोचवलं.

"मग मला नकोत," बायको म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. नोटीस वाचून दाखवताना लागायचा तसाच होता. "तीन वेळा बसलेय मी. उद्या कुणी म्हटलं, नवऱ्याने मागच्या दाराने आत घेतली, तर मी काय उत्तर देऊ? पुढचं दार उघडा म्हणावं."

"डोकं फिरलंय हिचं," आई फोनमध्ये कुजबुजली. "थांब, मी समजावते."

"नको समजावूस. दोन मिनिटं दे."

त्याने झोन फाइल उघडली. माथ्यावरची आजची शुद्ध, निर्दोष तारीख पुसली. तिच्या जागी या वेळी पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने बासष्ट साल लिहिलं, आणि शेवटचा आकडा एकाने वाढवला. दोन नंबरवाल्याने क्षणात नवी नक्कल घेतली. कुरकुर नाही, की इतके दिवस कुठे होतात असं विचारणं नाही.

"म्हणजे आता आपण कायमचे बासष्टात?" वायरवाल्याने विचारलं.

"सध्या तरी."

"तेव्हा मी ब्याऐंशीचा असेन."

"गुडघे सांभाळ."

पण घरोघरची यंत्रंही एकदा ऐकलेला आकडा तासभर लक्षात ठेवतात, पुन्हा विचारायला येत नाहीत. ज्यांना एकदा अभिनंदन मिळालं होतं त्यांना तासभर अभिनंदनच मिळणार होतं. "फुलंच आहेत अजून," आईने कळवलं.

"मॅडम," पोस्टमास्तर म्हणाला, "ही मुलं आता कितीही बोलावली तरी चुकीच्या दारावरच जाणार. त्यांना परत बोलावण्यात अर्थ नाही. चुकीच्या दारावर माणूस उभा करू."

त्याने खऱ्या यंत्राला आणखी एक नाव दिलं. अगदी कोरं, आजवर कुणी न विचारलेलं, त्यामुळे कुणाच्या लक्षात चुकीचं राहिलेलं नसेल असं. दोन्ही सर्व्हरांनी ते घेतलं. मग तो कोपऱ्यातल्या सरावाच्या यंत्रावर गेला आणि तिथलं अभिनंदन पुसून लिहिलं, 'पेपर इथे नाही. इथे दाबा.' दाबलं की कोऱ्या नावाने थेट खऱ्या पेपरात. फुलं काढायला वेळ नव्हता. ती राहिली.

फोनमध्ये माउसची टिकटिक ऐकू आली. मग आई ओरडली, "गेली! आत गेली रे! मलाच बाहेर हो म्हणाली!" आणि दार लागल्याचा आवाज.

मॅडमच्या हातातले फोन एकेक करून गप्प झाले. त्या पोस्टमास्तरसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"मुलांना वाढीव वेळ द्यायचा तर नियम सांगते. चूक विद्यापीठाची असेल तर पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. वरचे म्हणतील, 'तांत्रिक अडचण' लिहून मोकळे व्हा. पण तांत्रिक अडचणीला वेळ मिळत नाही, नुसती दिलगिरी मिळते. वेळ हवा असेल तर चूक कुणाची, तिथे माणसाचं नाव लागतं."

"लिहा माझं."

"तुमची मिसेस बसलीय ना आज? लोक म्हणतील, बायकोसाठी केलं."

"तिच्यासाठी करायला गेलो होतो. तिने घेतलं नाही." त्याने कागद पुढे ओढला. "म्हणून हे सगळ्यांसाठी आहे."

त्याने नाव लिहिलं. खाली 'चुकीचे स्वरूप' असा रकाना होता. 'कर्मचारी छत्तीस वर्षे पुढे गेला व परत आला,' असं लिहावंसं त्याला फार वाटलं. त्याने काय घडलं ते नीट लिहिलं आणि सही केली. वायरवाल्याने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. वायरवाल्याने चहा आणल्याची विभागात नोंद नव्हती.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा आतल्या खोलीचं दार उघडं होतं. बायको अजून त्याच खुर्चीत होती. पडदा बंद होता. आई या वेळी उंबऱ्याच्या आत, पलंगाच्या कडेला बसली होती.

"कसा गेला?"

"चांगला गेला." तिने बोटं मोडली. "एक प्रश्न राहिला. दहा मिनिटं कमी पडली."

वीस मिनिटं गेली होती नि पंधराच मिळाली होती, म्हणजे दहातली पाच आपली, आणि उरलेली पाच तिने घाबरण्यात घालवली असतील, असा हिशेब त्याला आपोआप सुचला. तो त्याने मनातच ठेवला.

"तेवढ्यावर अडेल?"

"माहीत नाही. अडेलही."

"चूक माझी होती," तो म्हणाला. "तसं लिहून दिलंय."

"कळलं. मेसेज आला सगळ्यांना. नाव होतं तुमचं त्यात." ती त्याच्याकडे बघत राहिली. "आता निदान तुमची एक चूक मला लेखी सापडली, पूर्ण नावानिशी."

आई हसली. पोस्टमास्तरलाही हसू आलं, पण अर्धवट.

"येत होता का तो प्रश्न?"

"येत होता म्हणजे काय! सबंध येत होता." ती खुर्चीत ताठ झाली. "दोन घरांमधली सामाईक भिंत. एकाने पाडली, तर दुसऱ्याचे हक्क काय."

"मग?"

"मग काय?"

"काय हक्क?"

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, थट्टा करतोय का म्हणून. तो दारात उभा होता, पायात बूट, खांद्याला पिशवी. तिने घसा साफ केला आणि सुरुवात केली. आधी व्याख्या, मग मालकीचे प्रकार, मग नोटीस कुणी कुणाला द्यायची. आईने मांडीवरचा हात काढून पदर सारखा केला. बायको मुद्दे बोटांवर मोजत होती, एके ठिकाणी चुकली, थांबली, मागे जाऊन नीट सांगितलं. बाहेर अंधारत गेलं, पण दिव्याचं बटण तिच्या मागे होतं आणि तिला थांबवून कुणी उठलं नाही. पोस्टमास्तर शेवटच्या मुद्द्यापर्यंत तसाच उभा राहिला.