पुनमचे दोन वायसर

माणिकरावांचा हट्ट शिरड शहापुरात कुणाला नवा नव्हता. बोअर घ्यायचा तर पाणाड्यानं नारळ फिरवून सांगितलेल्या जागी नाही, आपल्या मनात येईल तिथंच घेणार, आणि कोरडा गेला तरी वर्षभर म्हणणार की पाणी आहे, यंत्रच दम धरत नव्हतं. सुमनबाईंनी अशा एकाही हट्टाला कधी बिनबोलाचं जाऊ दिलं नव्हतं. पण हा विमानाचा हट्ट वेगळा होता. याच्यापुढं त्यांनी वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं.

विमान म्हणजे रिमोटवर उडायचं, दोन्ही हात पसरले तर मावेल एवढ्या पंखांचं. जुन्या घाटाचं. आता थर्माकोलची तयार विमानं मिळतात, डब्यातून काढली की उडवायची. पण पुनमला, म्हणजे या दोघांच्या एकुलत्या एक लेकीला, तसलं चालत नव्हतं. नांदेडला इंजिनिअर होऊन आलेली पोरगी. नोकरीचे अर्ज एकीकडं चालू, आणि दुसरीकडं ओसरीवर जुन्या दाराची फळी टाकून बाल्साच्या हलक्या काड्या कापणं चालू. आजोबांच्या काळात जशी विमानं बांधत तसंच तिला बांधायचं होतं. काड्यांचा सांगाडा, त्यावर पातळ कागद, पंख अंगावर रबरानं ताणून बसवलेला, आणि पूर्वी जिथं तेलाचं इंजिन असायचं तिथं बॅटरीवर फिरणारी मोटर. काम करताना तिच्या केसांत भुसा असायचा आणि जेवायला चार हाका माराव्या लागायच्या. सुमनबाई कुरकुरायच्या, लग्नाच्या वयाची पोरगी आणि खेळणं करून राहिली म्हणायच्या. पुनम हसून म्हणायची, आई, हे उडू दे, मग तुला खऱ्यात बसवते.

विमानाचं अंग पुरं झालं, मोटर बसली, एक पंख कागदानं मढला, आणि भादव्यात तिला ताप आला. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, बाबा, हा साधा ताप नाही, हिंगोलीला चला. माणिकराव म्हणाले, उद्याचा दिवस बघू. एकच दिवस बघितला त्यांनी. नंतर हिंगोली झाली, नांदेड झालं, बाटल्या झाल्या, रक्त देणारी माणसं रांगेत उभी राहिली, पण डेंगूनं पोरगी नेली.

तेव्हापासून माणिकरावांचं एकच झालं. एकदा लेकीचं ऐकलं नाही, आता तिचं एकही मोडायचं नाही. ते हे तोंडानं कधी बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती, सुमनबाईंना ते भाकरी मोडताना दिसत होतं. विमान पुरं करायचं आणि उडवायचं, आणि तिनं जसं ठेवलंय तसंच उडवायचं, केसाएवढा फरक न करता. म्हणजे मग निदान एका ठिकाणी तिचं खरं झालं असं म्हणता येईल.

मदतीला नासेर होता. नासेर आणि पुनम शाळेत एका वर्गात. आता तो पंचक्रोशीत ड्रोननं सोयाबीनवर फवारणी करतो, रिमोट त्याच्या हातात बसलेला, आणि त्याचा पहिला ड्रोन बिघडला तेव्हा तो पुनमनंच खोलून दुरुस्त केला होता. तो रविवारी यायचा, चहा घ्यायचा आणि दोघा म्हाताऱ्यांना एकेक काम दाखवून जायचा. उरलेला पंख सुमनबाईंनी मढवला. कागद चिकटवायचा, वरून पाण्याचा बारीक फवारा मारायचा, आणि वाळताना तो आपोआप ढोलकीसारखा ताणून बसतो. आयुष्यभर उन्हात पापड घातलेल्या बाईला यात शिकवायचं काय? नासेर म्हणाला, काकू, तुमचा पंख पुनमच्या पंखापेक्षा तंग बसलाय. सुमनबाईंना ते आवडलं नाही. त्यांनी त्याला त्या दिवशी दुसरा चहा दिला नाही.

मग तोल काढायचं काम आलं. पंखाखाली पुनमनं पेन्सिलीनं दोन खुणा केल्या होत्या. त्या खुणांवर दोन बोटं टेकवून विमान उचललं की ते आडवं, सपाट राहिलं पाहिजे. नाक वर गेलं तर शेपूट जड. नाक वर जात होतं. टायरवाल्याकडून चाकाला लावायचे शिशाचे तुकडे आणून माणिकरावांनी ते नाकात मोटरमागं भरले, एकेक तुकडा, आणि सुमनबाई बोटांवर विमान धरून उभ्या राहिल्या. शेवटी विमान सपाट झालं. सोयाबीन निघालेल्या रानात मोटर बंद ठेवून नुसतं हातानं सोडून बघितलं, तर ते सरळ तरंगत गेलं आणि काडीलाही धक्का न लागता टेकलं. माणिकराव त्याच्यामागं धावले. वर्षभरात त्यांना धावताना कुणी बघितलं नव्हतं.

एकाच गोष्टीवर नासेरचं आणि माणिकरावांचं वाजलं. असलं जुन्या घाटाचं विमान मोटरच्या जोरावर नाक वर उचलतं, म्हणून मोटर थोडी खाली झुकवून बसवायची असते. पुनमनं मोटरच्या वरच्या दोन बोल्टांमागं एकेक वायसर, म्हणजे भोकाची लोखंडी चकती, घालून तो झुकाव दिला होता. नासेरला वाटलं, कमी आहे. पहिल्यांदाच उडवतोय, अजून एकेक वायसर घालू, बिघडणार काही नाही. माणिकराव ताडकन उठले. तिनं घातलेत तेवढेच राहतील म्हणाले, तुला उडवायचं नसेल तर मी दुसरा कुणी बघतो. नासेरनं बिचाऱ्यानं मान खाली घालून हातातले वायसर परत खिशात टाकले.

आता सुमनबाईंनी काय केलं ते सांगायला हवं. त्याला खोड म्हणा, वेडेपणा म्हणा, पण आईचं मन ज्याला माहीत आहे त्यानं आधी जरा थांबावं. पुनमच्या पायातली चांदीची पैंजणं तिच्या अंगावरून उतरवली होती. तेराव्यानंतर माणिकराव म्हणाले, ती घरात नकोत, दिसली की माझ्यानं जगवत नाही, औंढ्याला नागनाथाच्या दानपेटीत टाकून ये. सुमनबाई गेल्या. एक पैंजण पेटीत टाकलं, दुसरं मुठीतून सुटेचना. घरी येऊन टाकली दोन्ही म्हणाल्या, आणि ते तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी गेलं. देवाला अर्धं दिलं आणि नवऱ्याशी खोटं बोलले, हे वर्षभर त्यांच्या जिवाला लागून होतं.

खंडेनवमीला ट्रॅक्टरशेजारी विमानाचीही पूजा झाली होती. सुमनबाईंनी हळदी-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, आणि नासेरनं हसत सांगितलं होतं की काकू, उडवायच्या दिवशी माळ काढा, एखादी पाकळी राहिली तर राहू द्या, तेवढ्या वजनानं काही होत नाही. ती पाकळी त्यांच्या डोक्यात बसली. उडवायच्या आदल्या दुपारी माणिकराव हरभऱ्याचं बियाणं आणायला गेले. पंख काढून ठेवलेला होता आणि विमानाचं अंग उघडं होतं, आत नुसती पोकळी. सुमनबाईंनी पैंजण डाळीतून काढलं, तळहातावर तोलून बघितलं. फुलाएवढं वाटलं त्यांना. एवढ्या शिशाला ज्यानं उचललं त्याला हे काय जड? पोरगी विमानात बसायची राहिली, तिच्या पायातलं तरी वर जाऊन येईल. त्यांनी ते जुन्या साडीच्या चिंधीत घट्ट गुंडाळलं, म्हणजे वाजायचं नाही, आणि पंखाच्या जागेतून आत सोडलं. पुढं ठेवलं तर शिसं बघताना यांच्या हाताला लागेल. म्हणून विमान उभं धरून हळूच हलवलं आणि ते सरकत सरकत शेपटाच्या टोकाला जाऊन काड्यांत अडकलं. त्यांना फार बरं वाटलं. त्या दिवशी त्यांनी वर्षभरानंतर पहिल्यांदा पोळ्या केल्या.

वजन किती, एवढंच त्यांनी बघितलं होतं. ते वजन कुठं बसतं हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

सकाळी रानात वारा पडलेला होता, उडवायला सोन्यासारखी वेळ. नासेर म्हणाला, एकदा बोटांवर धरून तोल बघू. माणिकराव म्हणाले, परवाच बघितलाय, पोरीच्या खुणा काय रात्रीतून सरकल्या? वायसरचा राग अजून उतरला नव्हता त्यांचा. नासेरनं रिमोट घेतला. मोटर घूं करून फिरली, आणि माणिकरावांनी विमान डोक्यावर धरून चार पावलं पळत जाऊन ते सोडलं.

ते उठलं. सूर्य समोर होता, कागदातून एकेक काडी दिसत होती, आणि सुमनबाईंचे हात आपोआप जोडले गेले. गेली गं माझी बाय, असं त्या पुटपुटल्यासुद्धा. मग नाक आणखी वर झालं. आणखी वर. नासेर रिमोटची काडी पुढं ढकलत होता, पुरी ढकलली, पण नाक खाली येईना. विमान आभाळाकडं तोंड करून जागच्या जागी थांबलं, एका पंखावर कललं आणि नाकावर येऊन काळ्या मातीत आदळलं. आवाज एवढासा आला, काडीपेटी पायाखाली आल्यासारखा.

तिघंही चालत गेले. पळण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पुनमनं मढवलेला पंख मधोमध मोडला होता, सुमनबाईंचा नुसता फाटला होता. मोटर मातीत रुतलेली. नासेर गुडघ्यांवर बसला आणि मोटरमागचे वायसर त्यानं बोटानं चाचपले.

"काका, नाराज होऊ नका," तो म्हणाला. "झुकाव कमी पडला. पुनमचा अंदाज जरा चुकला."

माणिकराव बांधावर बसले. त्यांनी भांडायला हवं होतं. बोअर कोरडा गेला तेव्हा जसे यंत्रवाल्याशी भांडले तसं, या नासेरचं काही एक न ऐकता. सुमनबाई त्याचीच वाट बघत होत्या. पण ते मातीकडं बघत म्हणाले, "आसंल. लेकरूच व्हतं. चुकलं आसंल."

ते ऐकलं आणि सुमनबाईंनी त्यांच्याकडं वळून बघितलं. पोरगी गेली त्या दिवशीही हा माणूस असा बसला नव्हता. त्या दिवशी त्याच्याजवळ धरायला काहीतरी होतं, ती खरी होती आणि मी खोटा, एवढं तरी. आता तेही सुटत होतं. नाक खाली का आलं नाही हे सुमनबाईंना विमान पडलं त्याच घडीला कळलं होतं, बोटांवर विमान धरून उभं राहिलेल्या त्याच होत्या. गप्प बसलं तर कुणाला कधी कळणार नव्हतं. मोडकं विमान घरी जाईल, आपण गुपचूप पैंजण काढून घेऊ, ते परत डाळीच्या डब्यात जाईल. आणि पुनम चुकली असं हा माणूस मरेपर्यंत म्हणत राहील.

त्या खाली बसल्या, शेपटाचा कागद नखानं फाडला, आत बोटं घालून चिंधी ओढून काढली आणि सोडली. पैंजण उन्हात आलं.

"हे म्या ठिवलं व्हतं, काल दुपारी," त्या म्हणाल्या. "तिचं न्हाई चुकलं. माझ्यामुळं पडलं."

नासेरनं पैंजण हातात घेतलं, शेपटापासून पंखापर्यंतची लांबी नजरेनं मोजली. शेपटाच्या टोकाला एवढं वजन असल्यावर पाच वायसर घातले असते तरी हेच झालं असतं, असं तो हळूच बोलला. मग त्यानं ते माणिकरावांच्या हातात दिलं. "पुनमचं बराबर होतं, काका. मीच उगा बोललो." एवढं म्हणून तो रिमोट घेऊन दूर जाऊन उभा राहिला, पाठ फिरवून.

"बराबर व्हतं," माणिकराव म्हणाले. दोनदा म्हणाले. त्यांच्या कपाळावरची एक आठी सुटली, आणि सुमनबाईंना वाटलं आता हे उठतील, आता हात उगारतील, उगारू देत. त्यांनी मान पुढं केली.

माणिकरावांनी हात उगारला नाही. दुसरं कुठं, एवढंच विचारलं. नागनाथाला दिलं, त्या म्हणाल्या, हे सुटलं न्हाई माझ्याच्यानं. ते पैंजण माणिकरावांनी तळहातावर ठेवलं, जसं काल सुमनबाईंनी ठेवलं होतं तसंच, आणि दुसऱ्या हातानं मातीत बसलेल्या नाकातले शिशाचे तुकडे एकेक उकरून त्याच्या शेजारी ठेवत गेले.

"मला काहून न्हाई सांगितलं, सुमन?" ते म्हणाले. "नाकात वजन तर पाहिजेच व्हतं. एवढं शिसं काढलं आसतं अन् हे ठिवलं आसतं. ती पुढंच बसली आसती की गं."

आणि मग वर्षभर न रडलेला तो माणूस बांधावर बसून रडायला लागला, आणि सुमनबाईंना त्याच्याजवळ जायचा धीर होईना.