सोनटक्क्याचे गड्डे

बदलापूरला नदीकाठी ठमाबाईचा सोनटक्का होता. केळीच्या सावलीत, ओल्या वाफ्यांत तो पुरुषभर उंच व्हायचा. श्रावण लागला की ती दुपारी मिटल्या कळ्यांचे दांडे कापायची, केळीच्या पानात गुंडाळायची आणि उल्हासनगरच्या बाजारात न्यायची. नव्याने वसलेल्या सिंधी बायका ते हातोहात नेत. आसपास दुसऱ्या कुणाकडे सोनटक्का नव्हता. ठमाबाईला तेच आवडायचं.

मग तिचा धाकटा दीर तापाने गेला. त्याची बायको काशी एकटी उरली. शेजारचा ओला तुकडा तिच्या वाटणीचा. पावसाळ्याच्या तोंडाशी ती ओसरीवर येऊन म्हणाली, "जाऊबाय, मना थोडे गड्डे दे. लावीन नि पोट भरीन."

ठमाबाईच्या ओठांवर 'नाही' आलंच होतं, पण नवरा हरिचंद्र तिथेच बसला होता.

"दे गो तिला. घरचीच हाय."

दुसऱ्या दिवशी भात उकडायचा हंडा चुलीवर होता. घरात कोणी नाही असं पाहून ठमाबाईने गड्ड्यांची टोपली त्या कढत पाण्यात बुडवली, निवल्यावर गड्ड्यांना चिखल फासला आणि काशीकडे नेऊन दिली. काशी तिच्या पाया पडली.

ठमाबाईच्या वाफ्यांत हिरवे कोंब वर आले. काशीच्या मातीत काहीच हललं नाही. तिने राख घातली, शेण घातलं, रोज वाकून पाहिलं.

"जाऊबाय, माझं काय चुकतंय?"

"एकेकाच्या हाताचा गुन असतो," विहिरीवर सगळ्या बायकांदेखत ठमाबाई म्हणाली. "नवरा तरी कुठं टिकला तुझा?"

काशी हळूच म्हणाली, "एक तू लाव तुझ्या हाताने. बघू."

ठमाबाईने चांगला गड्डा निवडला आणि काशीच्याच वाफ्यात लावला. तो तरारून वर आला. काशी त्याच्यापाशी उकिडवी बसून राहिली. बांधावरून ते बघताना ठमाबाईच्या पोटात थंडावा पडला.

काशीने जमीन थोरल्या दिराच्या, हरिचंद्राच्या, हवाली केली आणि अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्यात कामाला गेली. पुढच्या श्रावणात दोन्ही तुकडे पांढरे झाले.

काही वर्षांनी ठमाबाईच्या लेकीचं, वेणूचं, बाळंतपण माहेरी झालं. बारशाला काशी आली, अंगडं-टोपडं घेऊन. दारातच उभी राहिली. वेणू बाळ घेऊन पुढे झाली.

"काकी, घे ना याला."

काशीने दोन्ही हात पदराखाली ओढले. "नको गो बाय. माझ्या हाताला काय जगत नाय."

वेणूने आईकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. पण हरिचंद्र पाटावर बसला होता, गावच्या बायका ऐकत होत्या.

"खरंय तिचं," ठमाबाई म्हणाली आणि बाळ आपल्या कडेवर घेतलं.

काशीने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि दोन पावलं आणखी मागे सरकली.