घोकून दिलेली चाचणी

माझा स्वभाव तापट आहे. हे मी स्वतःच आधी सांगून टाकतो, म्हणजे ते सांगण्याचं सुख बायकोला मिळणार नाही. एकतीस वर्षं एका कचेरीत चौकशीच्या खिडकीमागे बसलो. तासभर चुकीच्या रांगेत उभं राहून आलेल्या माणसाला "पुढच्या खिडकीवर जा" म्हणायचं आणि त्याचा पडलेला चेहरा बघायचा, याने कुणाचंही डोकं फिरेल.

आमची सून नेमकं उलटं काम करते. मोबाईलवरचे, कॉम्प्युटरवरचे पडदे ती अशा बेताने आखते, की कुठे दाबायचं हे माणसाला कुणाला विचारावंच लागू नये. लग्न होऊन आली तेव्हा मी तिला म्हणालो, की म्हणजे तू माझी खिडकी बंद करायला निघालीस. तर म्हणाली, तुमच्यासारखी माणसं खिडकीत बसतात म्हणूनच आम्हाला काम मिळतं. तोंडावर असं बोलणारं माणूस मला आवडतं. तेव्हापासून आमची गट्टी.

आठ महिन्यांपूर्वी तिच्या कंपनीने डिझाइनचा अख्खा विभागच बंद केला. आमचा मुलगा जहाजावर असतो, महिनोन् महिने. त्यामुळे तिचं हे बसून राहणं आम्हा दोघांच्याच डोळ्यांसमोर झालं. तिने सत्तावीस ठिकाणी अर्ज केले. प्रत्येक जण जुन्या कामांचे नमुने मागायचा, "काम आवडलं" म्हणायचा आणि मग गप्प. पूर्वी ती लिफ्टमध्ये शिरली की बटणांच्या मांडणीला नावं ठेवल्याशिवाय बाहेर पडायची नाही. आता मुकाट्याने वर यायची. मला ते बघवत नव्हतं.

अशात एका कंपनीने तिला मुलाखतीआधी घरी करायला काम दिलं. दवाखान्यात डॉक्टरांची वेळ ठरवायचे पडदे आखायचे, पाच माणसांवर त्यांची चाचणी घ्यायची, अडचणी दिसतील त्या दुरुस्त करायच्या आणि त्याच माणसांवर पुन्हा चाचणी घ्यायची. पाचातला एक जण पासष्टीच्या पुढचा हवा होता. मी अडुसष्टचा. ही जागा मुलाखतीशिवाय मिळाली.

पहिल्या चाचणीला तिने मला टॅब्लेट देऊन डायनिंग टेबलाशी बसवलं. डोळ्यांच्या डॉक्टरांची गुरुवार सकाळची वेळ घ्यायची आणि मग ती शुक्रवारवर ढकलायची, एवढंच काम. मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. ती समोर वही घेऊन बसणार, पण काहीही सांगणार नाही. या त्यांच्या धंद्यातल्या पद्धतीचा मला भयंकर राग आला. घरचं माणूस समोर बसून मजा बघतंय आणि मी चाचपडतोय, ही काय तऱ्हा?

गुरुवारची वेळ कशीबशी मिळाली. शुक्रवार मात्र काही केल्या होईना. वेळ बदलायची सोय होती कोपऱ्यातल्या एकावर एक अशा तीन बारीक ठिपक्यांमागे. मला वाटलं काचेवर काहीतरी उडालंय. मी सदऱ्याच्या टोकाने ते पुसायला लागलो. दोनदा पुसले. सुनेने वहीत काहीतरी लिहिलं आणि मान वर केली नाही. साडेसहा मिनिटांनी मी हात टेकले. ती म्हणाली, फार उपयोग झाला. पण तिचा आवाज मला कळतो. अठ्ठाविसावी जागा, आणि ती माझ्या सदऱ्याच्या टोकाने पुसली जाणार.

दुसऱ्या दिवशी तिने दुरुस्त्या केल्या आणि संध्याकाळी पुन्हा बसायचं ठरलं. दुपारी ती बाहेर गेली. टॅब्लेट टेबलावरच होता. मी दार लावून घेतलं आणि शाळकरी पोरासारखी घोकंपट्टी सुरू केली. ठिपके तिने ठळक केले होते, पण काढले नव्हते. मी एका चिठ्ठीवर नऊ ओळी लिहिल्या. सहावी ओळ होती: "ठिपके म्हणजे घाण नव्हे. दाबा." अकरा वेळा सराव केला आणि चिठ्ठी खिशात ठेवली.

संध्याकाळी पन्नास सेकंदांत शुक्रवार. मध्ये मध्ये मी "हं, आता हे सोपं झालंय" असंही म्हणत होतो. एकतीस वर्षं खिडकीत काढली असली, तरी नाटक येत नाही असं नाही. सून खुर्चीतून उठलीच. कितीतरी महिन्यांनी तिला असं हसताना बघितलं. मी ताकास तूर लागू दिली नाही.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी बायकोने कपडे धुवायला टाकायचे म्हणून माझे खिसे तपासले. चिठ्ठी वाचली, आणि मी पेपर वाचत होतो तिथे येऊन उभी राहिली. मी म्हणालो, पोरीला मदत केली, यात काय बिघडलं? ही कधी आवाज चढवत नाही, तेच वाईट.

"अहो, अकरा वाजता ती त्या लोकांपुढे खोटं बोलणार आहे," ती म्हणाली. "आणि आपण खोटं बोलतोय हे तिला माहीतही नसेल."

साडेनऊ वाजले होते. खिडकीतले सगळे चेहरे मला आठवले. समजलं नाही तरी "हो हो, समजलं" म्हणून जायचे आणि दोन तासांनी परत यायचे. तेच मी केलं होतं, तेही घरच्या माणसाशी. मी सुनेच्या खोलीत गेलो आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली. कशी लिहिली, किती वेळा घोकली, सगळं सांगितलं.

ती पलंगाच्या कडेवर बसली. नऊच्या नऊ ओळी वाचल्या, मग पुन्हा वाचल्या. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, ही परीक्षा तुमची नव्हती. माझी होती."

"म्हणूनच तर पाठ केलं," मी म्हणालो. "माझी असती तर नापास झालो असतो, आहे काय त्यात."

तिने डोळे पुसले आणि विचारलं, ही चिठ्ठी मी घेऊ का? मग लॅपटॉप उघडून तिने मुलाखतीत दाखवायच्या कामातलं माझ्या पन्नास सेकंदांचं पान काढून टाकलं. मला म्हणाली, आता तुम्ही बाहेर बसा.

मुलाखत व्हिडिओवर होती. मी जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो, कुणी बेल वाजवू नये म्हणून. एका कुरियरवाल्याला हातवारे करून खाली पिटाळलं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. घरातल्याच एका म्हाताऱ्याने फसवलं, असं कबूल करणाऱ्या बाईला कोण नोकरी देईल?

सव्वा तासाने तिने दार उघडलं. समोर दोघं होते म्हणे, एक हसरा आणि एक बाई, अगदी करड्या. सुनेने त्यांना चिठ्ठीचा फोटो दाखवला आणि सरळ सांगितलं, की माझी दुसरी चाचणी बाद धरा. जिथे जिथे या माणसाला लिहून घ्यावं लागलं, तिथे तिथे माझं चुकलंय. करड्या बाईंनी विचारलं, हे आम्हाला कळलं नसतं, मग सांगितलंत कशाला? सून म्हणाली, दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला सरावासाठी मोकळी दुपार मिळत नाही. मग त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्ती करायला लावली. तिने कागदावर पडदा काढला, ठिपके गायब केले आणि तिथे शब्दांत लिहिलं, "वेळ बदला."

चार दिवस फोन वाजला नाही. मी त्या कंपनीला मनातल्या मनात नको नको ते बोललो. पाचव्या दिवशी फोन वाजला. सून तो कानाला लावून आमच्याकडे बघत होकाराची मान हलवत राहिली. बायकोने तिला जवळ घेतलं. मी लिफ्ट चालू आहे का बघायला बाहेर गेलो, कारण मला रडताना बघितलेलं चालत नाही.

नोकरी लागून महिना झाला. परवा ती घरूनच काम करत होती. नव्या पडद्यांच्या चाचणीसाठी माणसांची यादी बनवत होती. तीही म्हातारी माणसंच हवी होती. मी दोनदा तिच्या खुर्चीमागून गेलो. तिसऱ्यांदा थांबून म्हणालो, की या खेपेला हात लावणार नाही, शप्पथ. खरंखुरं अडखळून दाखवतो.

"नाही जमणार बाबा," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "या कामाला परकं माणूस लागतं."

यादीत तिने माझ्याऐवजी खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना घातलं. मी जाऊन आम्हा दोघांसाठी चहा टाकला.