उल्काचा शिक्का

जपानमधल्या इचिकावात राहायला येऊन उल्काला दोन वर्षं होत आली, तेव्हा तिला नोकरी लागली. स्टेशनजवळ जेवणाचे डबे विकणारं एक छोटंसं दुकान होतं, तिथे सकाळी भाज्या चिरायचं काम. व्हिसाच्या कचेरीतून तशी परवानगीही तिने खेटे घालून मिळवली होती. दुकानाच्या मालकीणबाई इशिदा-सान म्हणाल्या, "पगार बँकेत जमा होईल. खातं आहे ना?"

उल्काने जोरात होकारार्थी मान हलवली आणि घरी येऊन रविकांतला गाठलं.

"अरे, मला खातं उघडायचंय."

"माझ्या खात्यावर घे की! घरखर्च त्यातूनच चालतो आपला."

"तसं नको. माझ्या नावाचं हवं."

पुण्यात लग्नाआधी ती शाळेत शिकवायची, तेव्हा तिचं खातं होतं. इथे आल्यापासून मात्र भाजी आणायची तरी आदल्या दिवशी नवऱ्याला दुपारच्या सुट्टीत पैसे काढून ठेवायची आठवण करावी लागे, कारण तो ऑफिसातून सुटेपर्यंत बँकेची मशीनं बंद झालेली असत. रविकांतने तिच्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. एवढंच म्हणाला, "मग आधी शिक्का कर. इथे सहीला कोण विचारतंय!"

शिक्के कोरणाऱ्याच्या दुकानात एक गोल फिरणारा स्टँड होता, त्यात नेहमीच्या आडनावांचे तयार शिक्के. सातो, तानाका, सुझुकी. उल्का कुठून असणार? चष्म्यावरून बघत म्हाताऱ्या दुकानदाराने नाव विचारलं. तिने सांगितलं. जपानी जिभेला 'ल' काही वळत नाही. "उ-रु-का?" म्हणाला आणि खो खो हसत सुटला.

"काय झालं?"

त्याने हातवारे करून, पोटावर बोट फिरवून समजावलं. उरुका म्हणजे नदीतल्या माशाच्या आतड्यांचं खारवलेलं लोणचं. दारूबरोबर फार छान लागतं म्हणे!

उल्का जन्मात अंडंसुद्धा न खाल्लेली. आधी तिने नाक मुरडलं, मग तिलाही हसू आवरेना. तिने आभाळाकडे बोट करून सर्रकन खाली आणलं. "आकाशातून पडणारा तारा. माझ्या नावाचा अर्थ हा!"

"ओऽऽ!" म्हातारा खूश झाला. ताऱ्यासाठी सुंदर चित्राक्षर आहे, ते कोरतो म्हणाला. पण बँकेत नाव वाचता आलं नाही तर? शेवटी साध्या अक्षरांतच ठरलं. "मग आडनाव कोरू? इथे सगळे आडनावच कोरतात."

"नाही. उल्का."

बँकेत नेमकी तिथेच गाडी अडली. काउंटरवरच्या मुलीने शिक्का उलटसुलट पाहिला, उल्काचं परदेशी नोंदणीचं कार्ड पाहिलं, वाकून माफी मागितली आणि मागच्या साहेबांकडे गेली. साहेब आणखी मोठ्या साहेबांकडे गेले. तिघांची डोकी त्या कार्डावर वाकली. उल्का खुर्चीच्या कडेवर बसून होती. आता आडनावाचा शिक्का आणा म्हणाले तर? मोठे साहेब उठले तशी तीही उठून उभी राहिली.

"उरुका-सान," त्यांनी लवून म्हटलं, "हे आपलं स्वतःचं नाव ना? कार्डावरही आहे. चालेल."

तिने शिक्का लाल शाईत बुडवला. घाईत दाबल्यामुळे पहिला ठसा अर्धाच उमटला. काउंटरवरच्या मुलीने हळूच खाली रबराची चटई सरकवली. दुसरा ठसा लख्ख आला.

पगाराच्या दिवशी दुपारी एप्रन सोडून उल्का जवळजवळ पळतच बँकेत गेली. मशीनने पासबुक आत ओढलं, करकर आवाज केला आणि परत दिलं. नवी ओळ छापून आली होती: पगार. तिने त्या ओळीवरून दोनदा बोट फिरवलं. मग बाहेरच्या हिरव्या फोनवरून थेट नवऱ्याच्या ऑफिसचा नंबर लावला आणि शक्य तितक्या अदबीने जपानीत रविकांत-सानना बोलवायला सांगितलं.

तो धावतच आला असावा. "काय गं? बरी आहेस ना?"

"रवी, आलं! माझ्या खात्यावर आलं!" रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले, तरी तिचा आवाज काही खाली येईना. "संध्याकाळी लवकर सूट. आज आपण बाहेर जेवतोय, आणि हॉटेल मी ठरवणार!"