प्राजक्ताचा कोपरा

समीक्षा परबचा गुडघा मोडला तो आंतरमहाविद्यालयीन कबड्डीच्या अंतिम सामन्यात. समोरच्या संघात उजव्या कोपऱ्यावर प्राजक्ता खोत होती. तिने चढाईला आलेल्या समीक्षाचा घोटा पकडला. पंचांनी शिट्टी वाजवली, समीक्षा बाद झाली आणि तिने अंग सैल सोडलं. त्यानंतर प्राजक्ताने पाय पिळला.

ऑपरेशन गोव्यात झालं. विद्यापीठाच्या शिबिराची जागा गेली, पुढचे कित्येक महिने कुबड्यांवर गेले. प्राजक्ताने त्या पकडीचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता. कुणीतरी तो समीक्षाला पाठवला. तिने तो पुसला नाही.

कुबड्या सुटल्यावर ती धामापूरच्या तलावाच्या बांधावर आधी चालायला आणि मग धावायला लागली. आई, तुळसा, काजूच्या बिया वाळत घालताना म्हणायची, "त्या चेडवाक, प्राजक्ताक, इसर आता. खेळ आसा तो."

"इसरतंय," समीक्षा म्हणायची, आणि पुन्हा धावायला जायची.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं आणि प्राजक्ता तिच्याच कॉलेजात आली. वडिलांची बदली झाली होती. कबड्डीचे प्रशिक्षक गणपत गावडे सर खूश होते. "चढाईला तू, कोपऱ्यावर ती. यंदा जिल्हा आपलाच," ते म्हणाले.

पहिल्या सरावानंतर समीक्षा प्राजक्ताला नळाजवळ गाठून म्हणाली, "पंचान शिट्टी मारल्यान, ती तुका आयकाक इली हुती?"

प्राजक्ताने तोंडावर पाणी मारलं. "इली हुती. तू सारखे पॉइंट घेय हुतंस. माका राग इलो."

तिने माफी मागितली असती तर काय झालं असतं, कोण जाणे. तिने बाटली भरली आणि ती निघून गेली.

त्या दिवसापासून सरावात समीक्षा तिच्याच कोपऱ्यावर चढाई करू लागली. कधी पकडली जायची, कधी निसटायची. हळूहळू तिच्या लक्षात आलं, की झेप घेण्याआधी प्राजक्ताची डावी टाच किंचित उचलली जाते. हे तिने कुणालाही सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये विद्यापीठाची निवड चाचणी लागली. तिथे सगळ्या कॉलेजच्या मुली मिसळून संघ पाडतात. दोघींना एका संघात ठेवा, असं सरांनी निवड समितीच्या मॅडमना सांगून ठेवलं होतं. समीक्षा मॅडमकडे गेली. "मला समोरच्या संघात घ्या. चांगल्या कोपऱ्यासमोर खेळले, तरच माझा गुडघा तुम्हाला कळेल." मॅडमना ते पटलं.

पहिल्याच चढाईत टाच उचलली गेली आणि समीक्षाने तिच्या खांद्याला हात लावून रेषा गाठली. प्राजक्ता बाहेर बसली. परत आत आली, की पुन्हा समीक्षाची चढाई, पुन्हा तोच कोपरा. बाकीच्या मुलींकडे ती बघतसुद्धा नव्हती. निवड समितीच्या डोळ्यांदेखत प्राजक्ता अर्धा सामना बाकावर बसून होती.

अखेरीस तिने दम घेत असलेल्या समीक्षाला हळूच म्हटलं, "दुसरीकडे जा गो. माझा सिलेक्शन जातला."

"माझापण गेला हुता," समीक्षा म्हणाली.

पुढच्या चढाईत प्राजक्ताने तोच घोटा धरला. समीक्षा तिच्यासकट फरफटत मध्यरेषेपर्यंत गेली आणि तिने रेषेपलीकडे बोटं टेकवली. शिट्टी झाली. प्राजक्ताने घोटा लगेच सोडला.

निवड झालेल्यांत समीक्षाचं नाव होतं, प्राजक्ताचं नव्हतं.

परतताना सर रागावले. "तुला दोघींनाही वर नेता आलं असतं."

"हो सर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून प्राजक्ता सरावाला आली नाही. सरांनी दोनदा घरी जाऊन पाहिलं. कोपऱ्यावर एक नवखी मुलगी उभी केली, आणि जिल्ह्याच्या स्पर्धेत संघ उपांत्य फेरीआधीच बाहेर पडला. समीक्षाने सगळ्यांत जास्त गुण घेतले होते. बसमध्ये तिच्याशेजारी कुणी बसलं नाही.

शिबिराला निघायच्या दिवशी स्टँडवर प्राजक्ता भेटली.

"झाला मगे समाधान?" तिने विचारलं.

समीक्षाने खरंच विचार केला. गुडघा पावसाळी हवेत अजून ठणकत होता.

"नाय," ती म्हणाली, आणि बॅग उचलून गाडीत चढली.