आधी दाब, मग फिरव

मी एक जुना कप्पा आहे. पिकअप गाडीत चालकाच्या शेजारी जो बसतो, त्याच्या गुडघ्यांसमोर असतो तो. मला हातमोज्यांचा कप्पा म्हणतात, पण चाळीस वर्षांत माझ्यात हातमोजा एकदाही कुणी ठेवलेला नाही. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक सोशिक असतात. छत्री काय, फळा काय, मोडकी खुर्ची काय, सगळ्या मोठ्या मनाच्या. मी तसा नाही. मी डूख धरतो. एका माणसाचं नाव मी पोटात धरून बसलो आहे आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. फर्मीन व्हियालपांडो.

पण आधी माझ्याविषयी. माझा जन्म कारखान्यातला. मला बहुधा शुक्रवारी दुपारी बसवलं असावं, कारण बसवणाऱ्याचं लक्ष सुट्टीकडे होतं आणि माझं झाकण केसभर तिरकं बसलं. तेव्हापासून मला उघडायची एकच रीत आहे. झाकण आधी अंगठ्याने आत दाबायचं आणि मग किल्ली फिरवायची. नुसतं ओढलं तर मी जास्तच घट्ट बसतो.

न्यू मेक्सिकोच्या उत्तरेला डोंगरातल्या एका खोऱ्यात एलिगियो नावाचा मिरचीवाला शेतकरी होता. त्याने ही गाडी नवी कोरी घेतली. दुसऱ्या कुणी माझ्यासाठी गाडी परत केली असती, पण एलिगियोने एका दुपारात माझी खोड ओळखली. नात नीवेस पाच वर्षांची असताना तिला मांडीवर घेऊन त्याने शिकवलं, "आधी दाब, मग फिरव. म्हाताऱ्या माणसाशी बोलतो ना, तसं. ओरडलं की तो बहिरा होतो." ती चिमुकला अंगठा लावून दाबायची आणि मी टक्कन उघडायचो. मग दोघं हसायची.

ते माझे सुखाचे दिवस होते. माझ्यात मिरचीच्या बियांच्या पुड्या असत, पक्कड असे, देवळातल्या तीर्थाची एक बाटली असे आणि ख्रिसमसच्या बडीशेप घातलेल्या बिस्किटांचा चुरा तर बारा महिने असे. वसंतात पाट उपसायला सगळा गाव फावडी घेऊन जमला की कुणाला तरी काहीतरी हवंच असायचं. "एलिगियोच्या कप्प्यात बघा, तिथे पाद्री सोडून सगळं सापडतं," असं पाटकरी म्हणायचा. मी फुगून जायचो.

चार वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये एलिगियो पाटाचं पाणी अडवणारी फळी उचलायला रस्ता ओलांडत होता. वळणावर दुसऱ्या गाडीला मागे टाकून फर्मीन आला, आणि त्याने म्हाताऱ्याला उडवलं. मी तिथेच कडेला उभ्या गाडीत होतो. मी सगळं पाहिलं. फर्मीन खाली उतरला तो आधी स्वतःच्या गाडीचा दिवा फुटला का ते बघायला. कोर्टाने अपघात ठरवला, दंड केला आणि काही महिने त्याचा गाडी चालवायचा परवाना काढून घेतला. संपलं. मला तेव्हा दात असते तर मी त्याचा हात तोडला असता.

आमच्याकडे रस्त्यावर माणूस गेला की तो पडला त्याच जागी क्रूस रोवतात. एलिगियो पडला ती जागा फर्मीनच्या फाटकाच्या बरोबर समोर होती. नीवेसने तिथे पांढरा क्रूस रोवला, त्यावर आजोबांच्या नावाची फळी ठोकली आणि त्याला कागदी फुलं बांधली. फर्मीन रोज सकाळी फाटक उघडायचा आणि त्याच्या तोंडासमोर ते नाव यायचं. त्याला ते सोसवेना. आधी फुलं गेली, मग रंगावर चिखल आला, आणि नीवेस दर वेळी सगळं नव्याने करत राहिली.

ती अठरा वर्षांची झाली तेव्हा अकरा महिने झाडाखाली धूळ खात पडलेली आमची गाडी तिने चालती केली. कुलपात तोवर वाळू गेली होती, पण माझ्याकडे बघायला कुणाला वेळ होता? तिचे आईबाप दूर तेलविहिरींवर कामाला. ती पहाटे चाळीस मैलांवरच्या इस्पितळात कपडे धुण्याच्या खात्यात जायची. वाटेत फोनही लागत नाही, आणि आठवड्यातून दोनदा फर्मीनची गाडी मागे लागायची. मोठे दिवे टाकून, अगदी चिकटून. नीवेस स्टिअरिंग घट्ट धरून वेग वाढवायची. मी आतून जळायचो.

घरात एलिगियोचं सहा गोळ्यांचं पिस्तूल होतं. ते नीवेसची आत्या कासिल्दा हिने कुलूपबंद केलं होतं. कासिल्दा जिल्हा कोर्टात कारकून. कायदा तिला जपमाळेसारखा पाठ. आमच्याकडे एकोणीस पूर्ण झाल्याशिवाय पिस्तूल बाळगता येत नाही, म्हणून तिने पोरीला बोटही लावू दिलं नाही. नीवेस माझ्या झाकणावर चिकटवलेल्या कॅलेंडरवर रोज एक दिवस खोडायची. मित्रांनो, तिच्यासोबत मीही दिवस मोजत होतो. आणि माझ्या मनात स्वसंरक्षण वगैरे काही नव्हतं.

एकोणिसाव्या वाढदिवसाला सकाळी दोघी गाडीत येऊन बसल्या. आत्याच्या एका हातात कॉफी आणि दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल होतं.

"कालपर्यंत हे तुझ्याकडे सापडलं असतं तर तूही आत आणि मीही आत," आत्या म्हणाली. "आता म्हण माझ्यामागे. गाडीत ठेवायचं."

"गाडीत ठेवायचं."

"कशाला?"

"जीव वाचवायला."

"कुणाचा?"

"माझा."

"फर्मीनचा घ्यायला नाही."

नीवेसने काचेबाहेर बघितलं.

"नीवेस! कोर्टात मी रोज असल्या गप्प पोरी बघते. म्हण."

"फर्मीनचा घ्यायला नाही. पण तोच स्वतःहून मरायला आला तर?"

"तर गाडी सुरू करायची आणि पळायचं, गधडे! तेवढं पेट्रोल ठेव टाकीत." आत्याने गाडीच्या दारावर थाप मारली. "हे दार बघ. याच्या आत कायदा तुझ्या बाजूने आहे. भरलेलं पिस्तूल जाकिटाखाली लपवून याच्या बाहेर पाय टाकलास की परवाना लागतो, आणि परवाना एकवीस पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. दोन वर्षं हा उंबरठा ओलांडायचा नाही. आणि नदीपलीकडे पुएब्लो आदिवासींची हद्द लागते, तिथे त्या लोकांचा स्वतःचा कायदा आहे. जवळचा रस्ता म्हणून तिकडून घुसायचं नाही."

"अजून काही?"

"हो. तुझ्या आजोबांनी हे कधी झाडलं नाही. सापावरसुद्धा नाही."

नीवेसने मला दाबलं, किल्ली फिरवली, आणि पिस्तूल बियांच्या पुड्यांवर ठेवलं. भलतंच जड होतं ते. मला ते ओझं आवडलं.

इथे पोरीची चूक झाली. आमच्या खोऱ्यात गुपित ठेवायची कुणाला सवयच नाही. दुसऱ्या दिवशी पेट्रोल भरताना ती दुकानदाराला मोठ्याने म्हणाली, "आता लावू दे म्हणावं मागे गाडी! माझ्या कप्प्यात आजोबा बसलेत!" शेजारच्या पंपावर फर्मीन उभा होता. त्याने टोपी उचलली. "वाढदिवसाच्या शुभेच्छा, छोकरी," तो म्हणाला. त्या गोड आवाजाने माझ्या पत्र्यावर काटा आला. कोर्टाच्या पायऱ्या झिजवून त्यालाही कायदा पाठ झाला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कामावरून परतत होतो. नीवेस रोज चारच्या सुमारास त्या वळणावर यायची, हे त्याला ठाऊक होतं. वळण घेतलं आणि बघतो तर फर्मीनने क्रूसाला साखळी बांधली होती आणि साखळीचं दुसरं टोक त्याच्या गाडीला होतं. आमच्या डोळ्यांदेखत त्याने गाडी पुढे घेतली. क्रूस कडाडून मोडला. एलिगियोच्या नावाची फळी रस्त्यावर घासत गेली.

नीवेसने करकचून ब्रेक मारला. फर्मीन खाली उतरला आणि हात पसरून उभा राहिला.

"काय गं, आजोबा कप्प्यात बसलेत ना? बोलव की त्यांना बाहेर! या खेपेला तरी रस्ता नीट बघून ओलांडायला सांग!"

नीवेसने किल्ली माझ्या कुलपात खुपसली. मित्रांनो, खरं सांगतो, माझ्यातला कण न् कण तेव्हा म्हणत होता, घे. घे आणि संपव त्याला. मला त्याला त्याच मातीत पडलेला बघायचं होतं.

आणि ती मला ओढायला लागली.

आधी दाब, बाळ, आधी दाब! मी आतून ओरडत होतो. पाच वर्षांची असताना जे तुला जमत होतं ते आज विसरलीस? ती हिसके देत होती, रडत होती, बुक्क्या मारत होती. दर हिसक्याला मी अधिक घट्ट बसत होतो. कुलपातली वाळू करकरली. तिच्या बोटांचं रक्त माझ्या झाकणावर लागलं. शेवटी तिने एक शिवी हासडली आणि मोकळ्या हातांनी दार उघडून धावत गेली.

ती फर्मीनकडे गेलीच नाही. रस्त्यावरची नावाची फळी उचलून तिने छातीशी धरली आणि तिथेच फतकल मारून बसली. फर्मीनचा चेहरा पडला. तो तिच्या जाकिटाकडे बघत होता, आणि जाकीट सपाट होतं. भरलेलं पिस्तूल लपवून ती गाडीबाहेर येईल, यावरच त्याचा सगळा डाव होता.

तेवढ्यात शेरिफच्या गाडीचा भोंगा ऐकू आला. शिपाई ओफेलिया माएस उतरली. उंच, सावकाश चालणारी बाई.

"हीच ती! पिस्तूल घेऊन आली आहे मला मारायला!" फर्मीन ओरडला.

माएसने नीवेसला उभं करून तपासलं. तिच्याजवळ काही नव्हतं. "हत्यार कुठे आहे?"

"गाडीत. कप्प्यात."

"भरलेलं?"

"हो."

"वय?"

"एकोणीस वर्षं, दोन दिवस."

माएस आमच्या गाडीपाशी आली आणि तिने बॉनेटवर हात ठेवला. "फर्मीन, तू घरातून फोन केलास वीस मिनिटांपूर्वी. म्हणालास की पोरगी पिस्तूल रोखून समोर उभी आहे. हे इंजिन तर चटका देतंय, वीस मिनिटं उभं असतं तर निवलं असतं. ही तर आत्ता आली." मग तिने साखळीकडे बघितलं, मोडक्या क्रूसाकडे बघितलं. "हा मोडणंसुद्धा गुन्हा आहे, ठाऊक आहे ना? कायदा इतका पाठ केलास, तेवढं पानच कसं गळलं?"

मग ती नीवेसकडे वळली. "बोटांना काय झालं?"

"कप्पा उघडत नव्हता."

माएसने झाकणावरचं रक्त बघितलं. मग म्हणाली, "उघडून दाखव."

नीवेसने डोळे पुसले आणि अंगठ्याने मला दाबलं. मी टक्कन उघडलो. माएसने आत बघितलं आणि मला पुन्हा बंद केलं. "राहू दे तिथेच. घरी जा, पोरी."

त्यानंतर गावात मला संतपद मिळालं. कासिल्दाने माझ्यावर माता मेरीचं चित्र चिकटवलं आणि सगळ्यांना सांगत सुटली की देवानेच कप्पा धरून ठेवला. देव वगैरे काही नाही, एका कारागिराची घाई आणि अकरा महिन्यांची वाळू. मी तर उघडायला तडफडत होतो.

न्यायाधीशांनी फर्मीनला नवा क्रूस त्याच जागी, स्वतःच्या हातांनी रोवायला लावला. दोन्ही बाजूंना गाव उभा होता. तो घामाघूम होऊन खड्डा खणत होता आणि नीवेस आमच्या गाडीत बसून सावकाश कॉफी पीत होती. "अजून जरा खोल," ती एकदाच म्हणाली. त्याने आणखी खोल खणला.

आता दर ऑगस्टला ती क्रूसाला पांढराशुभ्र रंग देते आणि दर रविवारी ताजी फुलं ठेवते. फर्मीनने फाटक बदललं, मागच्या बाजूने पाटाच्या चिखलातून नवी वाट काढली. वसंतात पाट सुटला की त्याची गाडी तिथे रुतते, आणि मग त्याला क्रूसासमोरूनच जावं लागतं. मान खाली घालून. त्या वेळी मला जी गोडी चाखायला मिळते, मित्रांनो, तिच्यापुढे ती ख्रिसमसची बिस्किटं काहीच नाहीत. गोळीने तो एकदाच मेला असता. आता रोज थोडा थोडा मरतो.

आत्मकथेच्या शेवटी वस्तूंची निगा राखा असं सांगायचं असतं. मी उलटं मागणं मागतो. गेल्या आठवड्यात गॅरेजवाला नीवेसला म्हणाला, "याचं कुलूप बदलून देऊ? तेल घातलं तरी लोण्यासारखं उघडेल." नीवेस आता एकवीसची झाली आहे, परवान्याचा कागद माझ्यातच ठेवलेला आहे. ती म्हणाली, "नको. हात लावू नका त्याला."

तिचं ऐका. ज्याच्या पोटात भरलेलं पिस्तूल आहे, त्याला तेल घालू नका. कारण त्या दुपारी माझं चाललं असतं तर मी उघडलो असतो. आणि आज त्या वळणावर क्रूसाला रंग द्यायला कुणीच उरलं नसतं.