खिडकीतून दिलेली वायर

सेनाइतने विजेच्या गाडीची चार्जिंगची वायर खिडकीच्या गजांतून आत सरकवली. आतून अस्नाकेचचा सुरकुतलेला हात आला आणि टोक घेऊन गेला. गाडीवरचा बारीक दिवा लुकलुकू लागला, तशी सेनाइत इमारतीला वळसा घालून दाराकडे निघाली.

तिचं घर चौथ्या मजल्यावर. तिथून वायर खाली पोचत नव्हती, म्हणून तळमजल्यावरच्या अस्नाकेचने स्वतःचा प्लग देऊ केला होता. अट एकच, रिवाजाप्रमाणे कॉफीला तिसऱ्या कपापर्यंत बसायचं. तिसरा कप आशीर्वादाचा. पहिल्यावरच उठणाऱ्यांना ती पाहुणे नव्हे, पोस्टमन म्हणायची. सेनाइत शाळेत विज्ञान शिकवायची, तपासायच्या वह्या वर घरी पडलेल्या असत. सुरुवातीला ती सारखी घड्याळाकडे बघायची. पुढे बघायची विसरू लागली.

परवा वाहनतळाच्या भिंतीवर तिचा स्वतःचा चार्जर बसला. काल ती तेच सांगायला आली होती. पण खिडकीतून तिला कॉफीच्या बैठकीसाठी फरशीवर पसरलेलं ताजं गवत दिसलं, मांडलेले दोन कप दिसले, आणि ती गाडीतून वायर घेऊन आली. एकटी म्हातारी, एवढीच तिला सोबत. आजही सांगायचं राहिलं.

अस्नाकेचने कॉफीच्या भाजलेल्या बियांचं भांडं वास घ्यायला तिच्या नाकाखाली फिरवलं आणि आज शाळेत किती जणांना रडवलंस म्हणून विचारलं. पहिला कप झाला. दुसरा ओतताना घरातले दिवे गेले.

समोरच्या घरात उजेड होता. सेनाइत मेन स्विचचं पडलेलं बटण वर करायला स्वयंपाकघरात गेली. तिथे इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाचं मोठं धिरडं, भाजायचा विजेचा तवा झाकून ठेवलेला होता. तिने झाकणाला हात लावला. कोमट होतं. शेजारच्या प्लगमध्ये तिची वायर.

"आजी, तवा लावला होता तुम्ही?"

"म्हटलं, आज तरी तवा आणि गाडी दोन्ही एकदम चालतात का बघू. उद्या पहाटे चर्चला जायचंय."

"पहाटे?"

"एरवी पहाटेच भाजते की. तुझी गाडी आल्यापासून."

निम्मी इमारत अस्नाकेचकडून इंजेरा विकत न्यायची. हल्ली तो सकाळी गरम मिळतो याचं सेनाइतने कौतुकही केलं होतं. एका तारेवर किती भार चालतो, हे ती दर वर्षी मुलांना फळ्यावर काढून दाखवायची.

तिने वायर उपसली. बटण वर केलं. दिवे आले, तवा तापू लागला.

"माझा चार्जर बसलाय, आजी. परवाच."

"ठाऊक आहे. हिरवा दिवा दिसतो इथून."

"मग बोलला का नाहीत?"

अस्नाकेचने उरलेली कॉफी कपात ओतली.

"तू तरी कुठे बोललीस? बस, निवतेय."

सेनाइत वायरचं आतलं टोक गुंडाळून मांडीवर घेऊन बसली. तिसरा कप होईपर्यंत अस्नाकेचने तव्यावर ओतलेल्या आंबलेल्या पिठाचा वास घरभर पसरला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने गाडी आपल्या चार्जरला लावली आणि चालत खिडकीपाशी आली. गजांतून हात बाहेर आलेलाच होता. तिने त्यावर कॉफीच्या हिरव्या, कच्च्या बियांची पुडी ठेवली आणि वळसा घालून दाराकडे निघाली.